विझट्री : सी ड्राइव्ह लाल झाला की नवीन डिस्क घ्यायच्या आधी हे चालवून बघा

आधीच सांगून टाकतो, विझट्री नावाचं हे सॉफ्टवेअर तुमचा कॉम्प्युटर साफ करत नाही. स्वतःहून एक फाइल पण उडवत नाही. फक्त दाखवतं की जागा कुणी खाल्लीय, कुठल्या फोल्डरात आणि किती. आणि मला ते एवढ्यासाठीच आवडलंय, कारण "एका क्लिकमध्ये कॉम्प्युटर साफ" म्हणणारी सॉफ्टवेअरं लय बघून झालीत, त्यांच्याबद्दल खाली बोलतोच.

मी सोलापुरात लग्नाचं व्हिडिओ मिक्सिंग (म्हणजे एडिटिंग) आणि अल्बम डिझाइन करतो, त्यामुळं डिस्क भरणं आमच्याकडं रोजचंच. फोर के मध्ये 100 एमबीपीएसवर (म्हणजे सेकंदाला 100 मेगाबिट) शूट केलं तर तासाला साधारण 45 जीबी होतात, हे झालं एका कॅमेऱ्याचं, आता लग्नाला दोन कॅमेरे धरा, वर ड्रोन, कॅन्डिडवाल्याचे रॉ फोटो वेगळे, हळद वेगळी, प्री-वेडिंग वेगळं, आणि पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, फोन करून "डेटा घेऊन जावा की ओ" म्हटलं तर वर्षभर कोण येत नाही. जानेवारीत गड्ड्याचं, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचं, अजून वेगळंच. नंदीध्वजांची मिरवणूक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, शोभेचं दारूकाम, सगळे जण शूट करतात आणि सगळ्यांनाच वाटतं की मास्टर कॉपी आपल्याकडं पाहिजे. मग तेच फुटेज चार मशिनवर आणि सहा एक्स्टर्नलवर.

पण खरं दुखणं एक्स्टर्नलचं नसतंच, सी ड्राइव्हचं असतं. फुटेज डी ला आणि ई ला असतं, ते भरलं तर दिसतं तरी. सी मात्र आपण काही न टाकता भरतो. बहुतेक मशिनला 256 जीबीची एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी चिपवाली जलद डिस्क) असते, विंडोजमध्ये ती 238 दिसते (कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते आणि विंडोज 1024 च्या हिशोबानं मोजतं, एक टीबीची 931 दिसते ती पण त्यामुळंच, दुकानदाराशी भांडायला जाऊ नका). त्यात विंडोज, फोटोशॉप, प्रीमियर, कोरल एवढं टाकलं की उरतं किती? आणि मग ऐन सीझनमध्ये, एप्रिल-मेच्या उन्हात, स्क्रॅच डिस्क (तात्पुरत्या कामाची जागा) फुल म्हणून फोटोशॉप अडून बसतं, एक्सपोर्ट मध्येच थांबतो, आणि पोरगं ओरडतं "दादा, सी लाल झालाय बघा".

यावर आमच्या लाइनमध्ये एकच सल्ला मिळतो, मोठी एसएसडी टाका. टाका की, कोण नको म्हणतंय, पण 256 ची 512 केली आणि आतलं कारण तसंच ठेवलं तर ती पण भरते, फक्त जरा उशिरा भरते.

विझट्रीच्या आधी आम्ही काय करायचो तर प्रत्येक फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि आकडा वर चढत जातो तो बघत बसायचं. त्यात गंमत अशी की दिसणाऱ्या फोल्डरांची बेरीज केली तर सव्वाशे जीबी आणि विंडोज म्हणतं 230 भरलंय. मधले शंभर कुठं गेले? ते असतात लपवलेल्या फोल्डरांत. ॲपडेटा नावाचा फोल्डर विंडोज दाखवतच नाही मुळात, आणि निम्मी रामायणं तिथंच घडलेली असतात.

विझट्री हे न्यूझीलंडच्या अँटिबॉडी सॉफ्टवेअरचं. त्याचं वेगळेपण म्हणजे स्पीड. विंडोजच्या डिस्कवर, म्हणजे एनटीएफएस फॉरमॅट असेल तर, मास्टर फाइल टेबल म्हणून एक तक्ता असतो, त्यात प्रत्येक फाइलचं नाव, साइज, सगळी नोंद असते. बाकीची सॉफ्टवेअरं एकेका फोल्डरात शिरून फाइली मोजत बसतात, हे थेट तो तक्ता वाचतं. गोडाऊनमधल्या चादरी एकेक मोजायच्या ऐवजी दिवाणजीची स्टॉकवही उघडल्यासारखं. त्यामुळं आख्खा सी ड्राइव्ह काही सेकंदात समोर येतो, खरंच काही सेकंदात, पहिल्यांदा मला वाटलं बंद पडलं की काय. मात्र तो तक्ता थेट वाचायचा तर ॲडमिनची परवानगी लागते, ते सुरू करताना विचारतं, हो म्हणा, नाही म्हटलं तर ते पण जुन्या पद्धतीनं हळू हळू मोजतं.

स्क्रीनवर वरच्या बाजूला फोल्डरांची यादी येते, सगळ्यात जड फोल्डर सगळ्यात वर, शेजारी किती टक्के ते. खाली रंगीत चौकोनांचा नकाशा. जेवढी फाइल मोठी तेवढा चौकोन मोठा, आणि रंग फाइलच्या प्रकाराप्रमाणं, म्हणजे व्हिडिओ एका रंगात, झिप दुसऱ्या. कुठलाही मोठा ठोकळा दिसला की त्यावर क्लिक करा, वर ती फाइल कुठं आहे ते उघडतं. एक वेगळा टॅब पण आहे ज्यात फोल्डर बिल्डर काही नाही, सरळ सगळ्यात मोठ्या हजार फाइली एकाखाली एक. मी तर आधी तोच उघडतो.

ही चौकोनांची आयडिया जुनी आहे. 1990 च्या सुमाराला अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन म्हणून प्राध्यापक, त्यांच्या लॅबमध्ये 14 जणांत मिळून एक 80 एमबीची हार्ड डिस्क होती आणि ती सारखी भरायची, कुणी किती जागा अडवलीय ते कळायचं नाही, म्हणून त्यांनी हा नकाशा काढला. 80 एमबी! आमचे तीन रॉ फोटो टाकले की संपली. पण भांडण बघा, तेच आहे, "मी काही टाकलेलंच नाही, तुझ्याच फाइली असतील".

आता माझ्या मशिनवर काय निघालं ते सांगतो, मिक्सिंगवाल्यांना जास्त उपयोग होईल. सगळ्यात मोठा ठोकळा होता प्रीमियरच्या, म्हणजे व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या, मीडिया कॅशचा. क्लिप इम्पोर्ट केली की प्रीमियर तिच्या ऑडिओच्या वगैरे स्वतःच्या वेगळ्या फाइली बनवून ठेवतं म्हणजे टाइमलाइन पटपट चालते. त्या फाइली बाय डिफॉल्ट सी वर, युजरच्या ॲपडेटात, रोमिंग, अडोबी, कॉमन या फोल्डरात जातात. तुम्ही फुटेज ई वर ठेवा नाहीतर चंद्रावर ठेवा, कॅश सी वरच. आणि प्रोजेक्ट डिलीट केला, फुटेज पार्टीला देऊन मोकळे झालो, तरी कॅश आपोआप जात नाही. दोन वर्षांपूर्वी ज्यांची लग्नं झाली, आता त्यांच्या पोरांच्या बारशाची ऑर्डर आली, तरी त्यांच्या हळदीचा कॅश माझ्या सी वर! यावर उपाय प्रीमियरमध्येच आहे, प्रेफरन्सेसमध्ये मीडिया कॅश म्हणून भाग आहे, तिथनं कॅशची जागा दुसऱ्या ड्राइव्हवर बदलता येते, इतक्या दिवसांपेक्षा जुनं आपोआप काढ असं पण सांगता येतं. फोल्डरात जाऊन हातानं उडवण्यापेक्षा तिथनं केलेलं बरं. चालू प्रोजेक्टचा कॅश गेला तरी घाबरू नका, परत उघडल्यावर तो परत बनतो, फक्त पहिल्यांदा वेळ लागतो, म्हणून डिलिव्हरीच्या आदल्या रात्री हा उद्योग करू नका.

दुसरा ठोकळा डेस्कटॉप. हे कुणाला पटतच नाही की डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हच. पोरं कार्ड लावतात, घाईत डेस्कटॉपवर "नवीन फोल्डर" करतात आणि त्यात कॉपी मारतात, मग ई वर पण कॉपी मारतात, पहिली तशीच. डाउनलोड्सचं पण तेच, पार्टीनं गूगल ड्राइव्हवरनं सिलेक्शनची झिप पाठवली, उतरवली, एक्स्ट्रॅक्ट केली, आता झिप पण आहे आणि फोल्डर पण आहे. नकाशात एकाच मापाचे ठोकळे जवळजवळ दिसले की हे लगेच कळतं.

व्हॉट्सॲप डेस्कटॉप पण बघा. ते जे काही उतरवतं ते ॲपडेटाच्या आत पॅकेजेस नावाच्या फोल्डरात खोल कुठंतरी ठेवतं, तिथं आपण जन्मात गेलो नसतो. "डॉक्युमेंट करून पाठव" म्हणून आलेली गाणी, व्हिडिओ, अल्बमचे फोटो, सगळं तिथं. ते मात्र ॲपमधनंच चॅट बघून काढा, फोल्डरात हात घालू नका.

मग विंडोजच्या स्वतःच्या फाइली. हायबरफिल डॉट सिस म्हणून एक मोठी फाइल दिसेल, ती हायबरनेटसाठी (चालू काम डिस्कवर ठेवून मशीन बंद करायची सोय) असते, साधारण रॅमच्या 40 टक्के, म्हणजे 16 जीबी रॅमला सहा-साडेसहा जीबी. ती डिलीट करायला गेलात तर होत नाही आणि ते बरोबरच आहे. नको असेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडायचा आणि टाइप करायचं पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ (powercfg /h off). फाइल गायब. फक्त यानं हायबरनेट बंद होतं आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप पण बंद होतं, म्हणून डेस्कटॉपला खुशाल करा, लॅपटॉप असेल आणि हायबरनेट वापरत असाल तर राहू द्या. पेजफाइल डॉट सिस शेजारीच दिसेल, तिला हात नको, रॅम कमी पडली की तीच कामाला येते आणि मिक्सिंगमध्ये रॅम कमी पडतेच.

विंडोज डॉट ओल्ड पण बऱ्याच मशिनवर आलं असेल, कारण विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि सगळे 11 वर गेले. ते म्हणजे तुमचं जुनं विंडोज, परत जायचं झालं तर म्हणून ठेवलेलं. दहा दिवसांनी विंडोज स्वतःच ते काढतं, घाई असेल तर सेटिंग, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथनं काढा. त्याच यादीत डाउनलोड्स पण असतं, टिक मारायच्या आधी वाचा, "टेम्पररी" नाव बघून सरसकट टिका मारू नका.

आणि विनएसएक्सएस. हा फोल्डर बघून सगळे दचकतात, विंडोजच्या आत एवढा मोठा? त्यातल्या बऱ्याच फाइली म्हणजे एकाच फाइलची दोन ठिकाणी लागलेली नावं असतात, हार्ड लिंक म्हणतात, त्यामुळं एक्सप्लोरर तो फोल्डर आहे त्यापेक्षा मोठा दाखवतो. हातानं डिलीट करू नका, विंडोज बसेल. डिस्क क्लीनअप उघडून "क्लीन अप सिस्टिम फाइल्स" केलं की जुन्या अपडेटचा जो कचरा खरंच काढण्यासारखा आहे तेवढाच ते काढतं.

इथंच विझट्रीची कमी बाजू येते. ते तुम्हाला हे काहीच सांगत नाही. विनएसएक्सएस असो, पेजफाइल असो नाहीतर बारशाचा व्हिडिओ असो, सगळे ठोकळेच. राइट क्लिक केलं की डिलीट समोरच. ज्याला कुठली फाइल कशाची ते कळत नाही त्याच्या हातात दिलं आणि "मोठं मोठं उडव" म्हटलं तर घात होईल. साधा नियम, युजर्सच्या आत तुमच्या नावाचं जे आहे, म्हणजे डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, व्हिडिओज, ते तुमचं, त्यावर तुमचा अधिकार. विंडोज आणि प्रोग्राम फाइल्सच्या आतलं फक्त बघायचं. ॲपडेटातलं ज्या त्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधनं काढायचं. आणि एसएसडीवरनं एकदा रिसायकल बिन रिकामी केली की मग रिकव्हरीवाल्याकडं पळून उपयोग नाही, ट्रिम नावाची सोय असते ती एसएसडीला सांगते की ही जागा आता मोकळी, आणि एसएसडी ती पुसून टाकते. हार्ड डिस्कवर निदान आशा असायची.

दुसरी कमी बाजू, कार्डावर आणि पेन ड्राइव्हवर ते स्पीड मिळत नाही. कॅमेऱ्याची 64 जीबी आणि त्यावरची कार्डं एक्सफॅट फॉरमॅटची असतात, तिथं तो तक्ताच नाही, मग हे पण बाकीच्यांसारखं मोजत बसतं. नेटवर्कवरच्या डिस्कचं पण तसंच. चालतं, पण वाट बघावी लागते.

तिसरी, आणि ही लोक विसरतात, विझट्री फुकट आहे ते घरच्या वापरासाठी. धंद्याच्या मशिनवर वापरायचं तर लायसन्स घ्यायचं असतं. मी स्टुडिओसाठी घेतलंय. "कोण बघायला येतंय" हे मला पण ऐकवून झालंय, पण आपण स्वतः फोटोवर वॉटरमार्क टाकून बसतो आणि दुसऱ्याचं फुकट वापरतो हे बरं दिसत नाही.

ज्यांना लायसन्स नको त्यांनी विनडिरस्टॅट घ्या, ते ओपन सोर्स आहे, ऑफिसात वापरलं तरी पैसे नाहीत. बरीच जुनी गोष्ट आहे, 2003 पासनं, मोजताना छोटे पॅकमॅन तोंड उघडझाप करत पळतात ते बघितलं असेल कुणी कुणी. मध्ये किती वर्षं तसंच पडून होतं, आता नवीन दोन नंबरचं व्हर्जन आलंय आणि ते जुन्यापेक्षा बरंच जलद आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत मित्राचा टॉवेलचा कारखाना आहे, त्याच्या ऑफिसच्या मशिनवर मी हेच टाकलं. तिथला ऑपरेटर शेजारी उभा, "सर, काय डिलीट होणार नाही ना ओ? मार्चचं सगळं यात आहे." म्हटलं, फक्त दाखवायलंय ओ, बघा की तुम्हीच. निघालं काय तर टॅलीचे रोजचे बॅकअप, सगळे त्याच सी ड्राइव्हवर, जी डिस्क गेली तर बॅकअप पण तिच्याबरोबरच जाणार, असा बॅकअप. आणि पॅकिंगच्या लेबलांच्या कोरल फाइली, प्रत्येकीच्या शेजारी "बॅकअप ऑफ" नावाची दुसरी. कोरल ती स्वतःच बनवतं. लेबल छापून माल पण गेला, आता त्या जुळ्यांचं काय काम? त्यानं मालकाला विचारून टॅलीचे बॅकअप एक्स्टर्नलवर हलवले, लेबलांचे जुळे काढले, मशीन मोकळं झालं. दाखवायचं काम फक्त सॉफ्टवेअरनं केलं, काय ठेवायचं ते ज्याचं त्याला माहिती होतं.

आता त्या क्लीनरवाल्यांबद्दल. नाव घेत नाही. आमच्या एका मशिनवर कुणीतरी रिपेअरिंगवाल्यानं असलं एक टाकून दिलं होतं, रोज सकाळी उजव्या कोपऱ्यात लाल डबा यायचा, हजारो प्रॉब्लेम सापडले, फिक्स करायचे तर पैसे भरा. त्या प्रॉब्लेममध्ये रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सेटिंगच्या वहीच्या) नोंदी आणि ब्राउझरच्या कुकी धरलेल्या. अहो, रजिस्ट्री आख्खी धरली तरी काहीशे एमबीतच असते, तिच्यातल्या शेदोनशे नोंदी काढून कुठली जागा होणार? उलट काढू नये ती निघाली तर सॉफ्टवेअर उघडायचं बंद. आणि पन्नास जीबीचा प्रीमियरचा कॅश त्याला दिसला नव्हता. ब्राउझरचा कॅश तेवढा काढून "जागा मोकळी केली" म्हणून हिरवं टिकमार्क, दोन दिवस यूट्यूब बघितलं की ती जागा परत भरली.

मग विंडोजचं स्वतःचं स्टोरेज सेन्स काय वाईट आहे? काहीच नाही. फुकट आहे, आत आहे, टेम्प फाइली आणि रिसायकल बिन वेळच्या वेळी काढतं, चालू करून ठेवा. फक्त ते ठराविक ठिकाणीच बघतं. तुमच्या डेस्कटॉपवरच्या दुबार कार्डाशी त्याला काही देणंघेणं नाही, तिथं नकाशाच लागतो. वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टचं क्लाउड) वापरत असाल तर विझट्रीत साइज आणि अ‍ॅलोकेटेड असे दोन वेगळे रकाने आहेत ते बघा, फाइल फक्त ऑनलाइन ठेवली असेल तर साइज मोठी दिसते पण अ‍ॅलोकेटेड शून्य, म्हणजे ती डिस्कवर जागा अडवत नाहीच. नाहीतर माणूस उगाच तीच फाइल डिलीट करून बसतो, आणि ती तिकडं क्लाउडवरनं पण जाते.

मार्क द्यायचे तर पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो नवख्या माणसाला सिस्टिमच्या फाइली वेगळ्या रंगात दाखवून "हात लावू नको" म्हणत नाही म्हणून. उतरवायचं ते त्यांच्या स्वतःच्या साइटवरनंच, भलत्या साइटवर हिरवं मोठं डाउनलोड बटण असतं तिथं वर सांगितलेला लाल डबाच मिळतो. इन्स्टॉल न करता चालणारी पोर्टेबल झिप पण आहे, ती घ्या, कारण सी मध्ये शेवटचे चारशे एमबी उरलेले असताना इन्स्टॉल कुठं करणार, पेन ड्राइव्हवरनंच चालवा. मॅकवाल्यांना हे चालत नाही, त्यांनी ग्रँडपर्स्पेक्टिव्ह बघावं, चौकोनांचा नकाशा तोच.